आपल्या माघारी आपल्या संग्रहाचं काय?

टपालप्रेमी

इच्छापत्राचा मसुदा लिहायला घेतला आहे. घर, ठेवी, विमा ही कलमं भराभर झाली. संग्रहापाशी येऊन गाडी अडली, म्हणून हा धागा.

नमुन्यादाखल काही इच्छापत्रं वाचली. त्यांत छंदाबद्दल फार तर एक ओळ असते: 'माझा तिकीटसंग्रह मुलांनी समान वाटून घ्यावा.' लिहिणाऱ्याच्या मनात मुलांबद्दल मायाच असणार, पण या एका ओळीने संग्रहाची पार वाट लागू शकते. माझ्याकडचा मुख्य भाग म्हणजे एकाच टपालमार्गावरून गेलेली पाकिटं. पाकीट उलटं केलं की मागे तीन-चार शिक्के दिसतात: निघाल्याचा, वाटेत थांबल्याचा, पोचल्याचा. एका पाकिटावरून फारसं काही कळत नाही. पण बऱ्याच वर्षांची पाकिटं तारखेप्रमाणे ओळीने लावली की मग दिसतं, पावसाळ्यात मार्ग बदलायचा, अमुक साली दर वाढला, मधलं एक ठाणं नंतर बंदच झालं. ही ओळ दोघांत वाटली तर दोघांच्याही हाती नुसती जुनी पाकिटं येतील.

मुलांना यात गोडी नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी माझ्यासाठी हे सांभाळत बसावं असंही वाटत नाही. पण ज्याला हे वाचता येतं त्याच्या हाती ते जावं, एवढी इच्छा आहे. ज्यांनी स्वतःच्या संग्रहाचा असा विचार केला आहे, किंवा ज्यांच्यावर दुसऱ्याचा संग्रह निस्तरायची वेळ आली, त्यांनी कृपया लिहा. तिकिटांचंच असं नाही. नाणी, पुस्तकं, रेकॉर्ड, पेनं, बाहुल्या, आगगाडीची मॉडेलं, सगळ्यांचा प्रश्न एकच आहे.

निळी_शाई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. यजमान गेले तेव्हा मागे शाईच्या पेनांनी भरलेलं कपाट होतं आणि मला पेनांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी ते निभावलं, कारण प्रत्येक पेनाभोवती त्यांनी कागदाची एक पट्टी गुंडाळून ठेवली होती. कोणतं पेन, कधी नि कोणाकडून घेतलं, निब मूळची की बदललेली, आतली रबरी पिशवी कधी घातली. काही पट्ट्यांवर लाल अक्षरांत 'पॉलिश करू नये'. सेल्युलॉइडची जुनी पेनं वेगळ्या, हवा खेळत्या खणात होती आणि खणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली होती, की ही बंद डब्यात इतर पेनांबरोबर ठेवू नकोस. पुढे कळलं की जुनं सेल्युलॉइड खराब व्हायला लागलं की त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि शेजारच्या पेनांच्या क्लिपा, कड्यासुद्धा गंजतात.

पहिल्याच आठवड्यात एक व्यापारी भेटायला आला. सांत्वन करता करता म्हणाला, "वहिनी, सगळं एकरकमी घेऊन जातो, तुमच्या मागे कटकट नको." आकडाही सांगितला. त्या दिवसांत माणूस कशालाही हो म्हणून जातो. पण यजमानांच्या वहीत पहिल्याच पानावर होतं, 'सहा महिने काहीही विकू नकोस. घाई करणाऱ्याला तर मुळीच देऊ नकोस.' खाली दोन मित्रांची नावं आणि कोणाला काय विचारायचं ते. मी ते पान त्या गृहस्थांना वाचून दाखवलं. ते पुन्हा आले नाहीत.

बाकी काही जमलं नाही तरी असं एक पान आजच लिहून ठेवा. संग्रहापेक्षाही मागे राहणाऱ्या माणसाला त्याचा फार आधार होतो.

स्फटिक

ताई, तुमच्या यजमानांना मनापासून नमस्कार. त्या पट्ट्या म्हणजेच अर्धा संग्रह.

आमच्या खनिजांच्या छंदात तर हे फारच कडक आहे. नमुना कितीही देखणा असो, तो कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला हे सांगणारी चिठ्ठी गेली की अभ्यासकाच्या लेखी तो शोभेचा दगड. फुलपाखरं, शंख, जीवाश्म, सगळ्यांचं तेच. आणि घर आवरताना लोक नेमक्या त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आधी फेकतात, कारण त्या कचऱ्यासारख्या दिसतात. म्हणून मी प्रत्येक नमुन्याच्या तळाला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घातला आहे. तोच क्रमांक वहीत आणि चिठ्ठीवर. तिन्हीपैकी एक हरवलं तरी ओळख पुसली जात नाही.

आणखी एक, ज्यावर फारसं कोणी बोलत नाही: धोक्याच्या वस्तू. युरेनियम असलेली खनिजं, ॲस्बेस्टॉसचे तंतू, जुन्या भुसा भरलेल्या पक्ष्यांना कीड लागू नये म्हणून चोळलेलं आर्सेनिक, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली नायट्रेट फिल्म, जी एकदा पेटली की विझवणं महाकठीण. आपण या वस्तू जपून हाताळतो. आपल्या मागे कोणीतरी कपाट उघडेल तेव्हा त्याला ते ठाऊक नसेल. वहीच्या पहिल्या पानावर, विक्रीच्या सूचनांच्याही आधी, हे यायला हवं.

तसंच हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या वस्तू, काही जातींची पोवळी. साइट्स हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि अशा वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात न्यायच्या तर परवाने लागतात, मग त्या वारशाने आलेल्या का असेनात. मुलगी परदेशी राहते, तिला आजीची हस्तिदंती पेटी पाठवून दिली, असं परस्पर करता येत नाही. वस्तू किती जुनी आहे हे सिद्ध करणारा कागद असेल तर तो वस्तूबरोबरच ठेवावा.

सुईखाली

रेकॉर्डवाल्यांसाठी थोडं. आपण मौल्यवान समजतो ते आणि खरोखर दुर्मिळ असतं ते, यांत पुष्कळदा फरक असतो. बाजारात आलेली गाजलेली एलपी हजारो घरांत असते. पण घरगुती मैफलीत कोणीतरी स्पूल टेपवर केलेलं ध्वनिमुद्रण जगात एकच असतं. तेच डब्यावर नाव नसल्यामुळे पहिल्यांदा केरात जातं. टेप काळाबरोबर झिजते, त्यावरचा चुंबकीय थर सुटतो, आणि ती वाजवायची यंत्रंही कमी होत चालली आहेत. म्हणून डिजिटल प्रत करणं आपण हयात असतानाच उरकायला हवं. कोण गातंय, साथीला कोण, कुठल्या साली, हे आवाजावरून ओळखणारे शेवटचे लोक बहुधा आपणच असतो.

लाखेच्या ७८ च्या रेकॉर्ड पडल्या की फुटतात आणि आडव्या थप्पीत वरच्या भाराने खालच्यांना तडे जातात. सगळ्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून लांब. घरच्यांना हेही सांगा की कव्हर, आतला कागद, मधल्या लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (रेकॉर्ड कुठल्या साच्यातून निघाली ते सांगणारा), हे सगळं मिळून एक वस्तू होते. फाटकी कव्हरं टाकून रेकॉर्ड नव्या पिशव्यांत नीट भरून ठेवणारे प्रेमळ नातेवाईक मी पाहिले आहेत.

जुनं_नाणं

असाच प्रेमळपणा नाण्यांवरही होतो. काळपट दिसली म्हणून चिंचेने, नाहीतर ब्रासोने घासून लखलखीत करतात. नाण्यावरचा तो काळपट थर वर्षानुवर्षांत बसलेला असतो, तो गेला की जाणकार हात लावत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो, तेही बदलून ठेवा.

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत ठाम आहे. संग्रह फोडू नये. तो अखंड एखाद्या संग्रहालयाला द्यावा. लंडनचे डॉक्टर आणि संग्राहक हॅन्स स्लोन १७५३ मध्ये वारले तेव्हा त्यांच्याकडे ७१,००० हून जास्त वस्तू होत्या. त्यांनी इच्छापत्रात लिहिलं की वारसांना २०,००० पौंड द्या आणि संग्रह देशाने घ्यावा. पार्लमेंटने ते मानलं, त्यातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं आणि १७५९ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. वारसांचीही सोय, लोकांचीही. संग्रह विस्कटला असता तर हे झालं असतं का?

दस्तऐवज

इच्छापत्रांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं विस्ताराने. कायदा जागोजागी वेगळा, त्यामुळे कलमांच्या शब्दांसाठी आपापल्या वकिलालाच विचारा. मी फक्त अडचणी कुठे येतात ते सांगतो.

स्लोन यांचं उदाहरण खरं आहे, पण ते यशस्वी झालं त्याचं एक कारण म्हणजे देशाने नाही म्हटलं तर पुढे कोणाला विचारायचं, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. आजच्या इच्छापत्रांत ही 'नाहीतर' नसते. 'अमुक संग्रहालयाला द्यावा' एवढंच असतं आणि त्या संग्रहालयाला कोणी विचारलेलंच नसतं. संग्रहालयाचं काय घ्यावं, काय घेऊ नये याचं धोरण ठरलेलं असतं. जागा, माणसं, नोंदणी, देखभाल यांचा खर्च कायमचा असतो. त्यांच्याकडे आधीच असलेल्या वस्तू ते दुसऱ्यांदा घेत नाहीत आणि घेतलेलं बहुतेक सगळं गोदामात राहतं. नकार आला तर तो तुम्ही जिवंत असताना यावा. तेव्हा दुसरं दार ठोठावता येतं.

दुसरी अडचण अटींची. थॉमस फिलिप्स या इंग्रज गृहस्थाने आयुष्यभर हस्तलिखितं गोळा केली. संख्या ६०,००० च्या घरात सांगतात. १८७२ मध्ये तो गेला तो अटींची माळ ठेवून: घरातून काही हलवायचं नाही, कोणा ग्रंथविक्रेत्याने मांडणी बदलायची नाही, थोरल्या मुलीने आणि जावयाने आत पाऊल टाकायचं नाही. सांभाळायला पुरेसा पैसा मात्र ठेवला नाही. शेवटी १८८५ मध्ये कोर्टाने विक्रीची वाट मोकळी केली आणि मग तो संग्रह तुकड्या-तुकड्याने विकला जात राहिला, तो थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. अमेरिकेतले चित्रसंग्राहक अल्बर्ट बार्न्स यांनीही आपल्या संस्थेतली चित्रं आहेत त्याच भिंतींवर राहावीत अशी तजवीज केली होती. ते १९५१ मध्ये गेले. पुढे संस्थेची आर्थिक ओढाताण झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये संग्रह फिलाडेल्फियातल्या नव्या इमारतीत हलला. अट जितकी कडक, तितकी ती पाळणाऱ्याची पंचाईत मोठी. 'शक्यतो एकत्र ठेवावा' असं लिहा, आणि ते शक्य नसेल तर काय करायचं तेही लिहा.

आणखी एक साधी गोष्ट. इच्छापत्र बऱ्याचदा काही आठवड्यांनी उघडलं जातं. तोवर खोली आवरून झालेली असते. म्हणून हाताळणीच्या सूचना इच्छापत्रात नकोत, वेगळ्या वहीत हव्यात, आणि वही कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. लॉकरमध्ये तर ठेवूच नका.

टपालप्रेमी

दस्तऐवजसाहेब, फार उपयोगी लिहिलंत. आमच्या छंदातलीही दोन उदाहरणं तुमच्या बाजूने बोलतात. फिलिप फेरारी हा आजवरच्या सर्वांत मोठ्या तिकीटसंग्राहकांपैकी एक. त्याने सगळा संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला लिहून दिला होता. १९१७ मध्ये तो वारला तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि संग्रह होता पॅरिसमध्ये. फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त केला आणि १९२१ पासून पुढची काही वर्षं त्याचे लिलाव केले. इच्छा स्पष्ट होती, कागद पक्का होता, फक्त वस्तू चुकीच्या देशात राहिल्या.

त्यातलंच ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट १९२२ मध्ये आर्थर हाइंड यांनी घेतलं. ते १९३३ मध्ये गेले आणि हे तिकीट संग्रहाबरोबर विकायचं की पत्नीचं मानायचं, यावरून वाद कोर्टात गेला. पत्नीचं म्हणणं, हे मला दिलेलं आहे. ते तिलाच मिळालं. जगातलं सर्वांत प्रसिद्ध तिकीट, पण ते कोणाचं हे निःसंदिग्ध लिहिलेलं नव्हतं. आपण घरी सहज म्हणून जातो ना, "हे तुझंच आहे हं." ते कागदावर उतरवायला हवं.

पानोपानी

जुनं_नाणं यांच्याशी माझा प्रेमाने मतभेद. फ्रान्सचे एदमों द गोंकूर १८९६ मध्ये गेले. त्यांच्या इच्छापत्रात होतं की माझी चित्रं, पुस्तकं, कलावस्तू संग्रहालयाच्या थंड थडग्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोऱ्या नजरेखाली पडू नयेत, त्यांचा लिलाव व्हावा, म्हणजे प्रत्येक वस्तू मिळवताना मला जो आनंद झाला तो माझ्या आवडीच्या एकेका वारसाला पुन्हा मिळेल. त्या पैशातून साहित्याची अकादमी उभी राहिली, तिचा पुरस्कार आजही दिला जातो.

आपल्या संग्रहातली बहुतेक वस्तू कोणाच्या तरी विस्कटलेल्या संग्रहातूनच आपल्याकडे आलेली असते. माझ्या कित्येक पुस्तकांवर तीन-तीन मालकांच्या सह्या आहेत. सगळ्यांनीच अखंड दान केलं असतं तर मला पुस्तक मिळालं कुठून असतं?

जुनं_नाणं

हा मुद्दा मी नाकारत नाही. पण एका टाकसाळीच्या सगळ्या वर्षांची मालिका जमवायला आयुष्य गेलं असेल तर? ती फुटली की पुन्हा कोण जमवणार?

पानोपानी

ती मालिका एकत्रच राहावी, हे मान्य. निदान तिची छायाचित्रं, वजनं, मापं नोंदवून ती छापून किंवा खुली करून ठेवावी. मग वस्तू पांगल्या तरी अभ्यास हाती राहतो. मालिकेबाहेर सहज जमलेलं जे असतं, ते मात्र मोकळ्या मनाने जाऊ द्यावं.

वामनवृक्ष

तुमच्या वस्तू निदान सहा महिने कपाटात थांबतात. आमची झाडं थांबत नाहीत. बोन्साय उन्हाळ्यात दोन दिवस पाण्यावाचून राहिलं तर पिढ्यांचं काम संपतं. ऑर्किड, निवडुंग, मासे, कासवं पाळणाऱ्यांचंही हेच. आमच्याकडे इच्छापत्राच्या आधी 'उद्या सकाळी पाणी कोण घालणार' हे ठरवावं लागतं. माझ्या फाटकाच्या आत एक पाटी आहे, त्यावर रोजचं पाणी, कुठल्या झाडाला किती, आणि लगेच येऊ शकेल अशा दोन जाणत्यांचे फोन.

पण झाड माणसापेक्षा जास्त जगतं, त्यामुळे आमच्यात हस्तांतराची परंपराही जुनी आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडचा एक पांढरा पाइन १६२५ पासून घडवला गेलेला. १९४५ च्या अणुस्फोटातून तो वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो आहे. हे झाड स्फोटातून वाचलेलं आहे, हे तिथल्या लोकांना कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहायला गेले तेव्हा. पंचवीस वर्षं झाडाची उत्तम निगा होत होती आणि त्याची हकीकत कोणालाच माहीत नव्हती. वर स्फटिक चिठ्ठीबद्दल म्हणाले, तेच हे.

पुढची_पिढी

मी वारसांच्या बाजूची. बाबा आगगाडीची मॉडेलं जमवतात. मला त्यात खरंच गोडी नाही, आणि हे त्यांना सांगायला मला फार जड गेलं. सांगितल्यावर मात्र दोघांनाही मोकळं वाटलं. तोवर मी ठेवेन असं ते धरून चालले होते, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प.

मग आम्ही एक रविवार बसलो. त्यांनी एकेक डबा उघडून दाखवला, मी फोनवर चित्रण केलं. कुठलं इंजिन कसं मिळालं, दुरुस्त कसं केलं, कुठल्या रिकाम्या खोक्याला हात लावायचा नाही (मूळ खोकं गेलं की मॉडेलची किंमत घटते, हे मला तेव्हा कळलं). शेवटी मी एक इंजिन माझ्यासाठी मागून घेतलं. सर्वांत महागडं नाही, लहानपणी ज्याला चावी द्यायची मला परवानगी होती ते. बाकीच्यांचं काय करायचं ते ते स्वतः ठरवताहेत आणि मजेत आहेत.

सगळ्या काका-मावश्यांना विनंती, मुलांना सरळ विचारा. आणि "नाही" आलं तर ते तुम्हाला नाही म्हणणं नसतं.

जुनं_नाणं

बाळा, हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. मुलाला फोन करतो.

दस्तऐवज

विक्रीचा विषय निघाला आहे तर किमतीबद्दल थोडक्यात. एका वस्तूला तीन किमती असतात. विम्याची, म्हणजे तीच वस्तू आज पुन्हा घ्यायला किती लागतील ती. लिलावाची, ज्यातून विक्रेत्याकडून कमिशन कापलं जातं. आणि व्यापारी रोख देतो ती, जी सर्वांत कमी, कारण पुढे ती विकायची जोखीम त्याची. वहीत नुसता आकडा लिहू नका, यांपैकी कुठली किंमत आणि कुठल्या वर्षीची तेही लिहा. नाहीतर मुलं विम्याचा आकडा धरून बसतात आणि लिलावात फसवलं गेल्यासारखं त्यांना वाटतं. तिकिटांच्या कॅटलॉगबद्दल टपालप्रेमी सांगतील.

टपालप्रेमी

हो. स्टॅन्ली गिबन्स या इंग्लंडमधल्या तिकीटव्यापारी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये छापलेली किंमत ही ते स्वतः ज्या भावाने विकतील ती असते, तुमच्याकडून घेतील ती नव्हे. शिवाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बरीचशी तिकिटं एवढ्या प्रचंड संख्येने छापली गेली की त्यांना भाव जवळजवळ नाही. घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं. आणि कृपा करून लिहून ठेवा: पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून काढायचं नाही. शिक्क्यासकट अख्खं पाकीट हीच वस्तू आहे.

तुमच्या सगळ्यांमुळे माझं ठरलं. टपालमार्गाची पाकिटं अखंड राहतील. त्यांची पानं स्कॅन करून टिपणांसह लिहून पूर्ण करतो, आणि आमच्या मंडळातल्या एका तरुण अभ्यासकाला, तो हो म्हणाला तर, माझ्या हयातीतच देतो. तो नाही म्हणाला तर टपाल संग्रहालयाला पत्र, आणि तिथूनही नकार आला तर एकाच लॉटमध्ये लिलाव. बाकीची तिकिटं याच वर्षी मी स्वतः विकायला काढतो. कोणाला काय आवडेल हे मला जितकं कळतं तितकं नंतर कोणाला कळणार नाही, आणि घेणाऱ्याशी दोन शब्द बोलायचं सुखही मिळेल. इच्छापत्रातली 'समान वाटून' ही ओळ खोडली. तिथे विक्रीचे पैसे समान, असं लिहिलं आहे.

निळी_शाई

छान ठरवलंत. एक राहिलं सांगायचं. मी बरीचशी पेनं विकली, पण काही अशांना दिली जे रोज हाताने लिहितात. देताना पट्टीही दिली आणि मागच्या बाजूला माझ्या हाताने त्या माणसाचं नाव नि तारीख घातली. तुमची पाकिटं त्या मुलाकडे जातील तेव्हा तुमच्या टिपणांखाली त्यालाही लिहायला जागा सोडा.

टपालप्रेमी

नक्की. प्रत्येक पानावर खाली चार बोटं कोरी सोडतो. दस्तऐवजसाहेब, वहीच्या पहिल्या पानाचा मसुदा उद्या इथेच टाकतो, काय सुटलंय ते सगळ्यांनी मिळून सांगा.